मोक्षपट ते सापशिडी : एका खेळाच्या आवृत्त्या

ग्रंथाच्या आवृत्त्यांविषयी आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हा तर पाठचिकित्सेच्या तासाचा ठरलेला आरंभ. पण ज्ञानेश्वरांच्याच नावावर परंपरेने घातलेल्या दुसऱ्या एका कृतीला, मोक्षपटाला, कोणी एकनाथ भेटला नाही. हे कर्तृत्व परंपरेचेच म्हणावे लागते. आज उपलब्ध असलेले अशा खेळांचे पट बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. तरीही ही कृती वाचण्याची आहे, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

कारण जुन्या पटावरचे प्रत्येक घर म्हणजे एक शब्द होता. काम, क्रोध, मत्सर, दया, भक्ती अशी घरे. सापाचे तोंड दोषात आणि शेपूट त्याच्या फळात. सोंगटी घसरली की खेळणाऱ्याला एक वाक्यच वाचून होई. उत्तरेकडील ७२ घरांच्या वैष्णव पटावर तर वैकुंठ शेवटच्या घरात नाही, ६८ व्या घरात आहे. मोठे दान पडून सोंगटी पुढे निघून गेली तर पुन्हा खाली येणे आले. नुसती घाई करून जिंकता येत नाही, ही गोष्ट नियमातच गोवलेली. जैन पटांवर घरे ८४ आणि त्यांची परिभाषा अर्थातच निराळी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये छापून विकला जाऊ लागला. आरंभी तेथेही सद्गुण-दुर्गुणांची चित्रे होती. वैकुंठाची जागा यशाने घेतली. पुढे चित्रेही गेली आणि उरले १ ते १०० आकडे. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९४३ मध्ये सापही काढून टाकले, त्यांच्या जागी घसरगुंड्या आल्या. मजकूर जितका गळाला तितका खेळ अधिक खपला, कारण वाचता न येणारे मूलही तो खेळू शकत होते. आज आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारात लुडोच्या पाठीवर छापलेली सापशिडी मिळते. तिच्यावर आवृत्तीचा क्रमांक नसतो. कोणी तो विचारतही नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रे घेऊन कथा रचण्याचा खेळ १९७४ मध्ये अवघ्या १००० प्रतींनी सुरू झाला. तो विकला जातो तो नियमांच्या पुस्तकांच्या रूपाने, म्हणून त्याचा व्यवसाय आवृत्तीवरच उभा आहे. दुसरी आवृत्ती १९८९ ची. मूळ कंपनी डबघाईला येऊन १९९७ मध्ये विकली गेली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर नियमांचा गाभा इतर प्रकाशकांना वापरण्यास मोकळा झाला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नियम फार बदलले, तेव्हा नाराज खेळाडूंपैकी अनेकजण ‘पाथफाइंडर’कडे वळले. २००९ चा हा खेळ त्या मोकळ्या केलेल्या जुन्या नियमांवरच रचलेला होता. थोडक्यात, एका पाठातून दुसरी पाठपरंपरा फुटली, आणि तीही बाजारात! २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने जुन्या वळणाशी पुन्हा नाते जोडले आणि अफाट यश मिळवले. २०२४ मध्ये तिचीही सुधारणा झाली. तिथला वाचक पाठभेदासाठी भांडतो, कारण पाठ त्याच्या हातात आहे. सापशिडीच्या खेळाडूच्या हातात फक्त फासा उरला.

मोक्षपटाचे सविस्तर वाचन झाले, तेही कोपनहेगन विद्यापीठात. जेकब श्मिट-मॅडसन यांचा पश्चिम भारतातील ज्ञानपटांवरचा प्रबंध २०१९ चा. मराठी विभागांनी हे काम परके मानू नये. मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या जुन्या गावांतल्या वाड्यांत आणि मठांत पोथ्या पाहायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो की, बासनात घडी घातलेले कापड दिसले तर तेही उलगडायला सांगा. घराचा क्रमांक, त्यातला शब्द जसा लिहिला असेल तसा, सापाचे तोंड कुठे आणि शेपूट कुठे, हे सारे उतरवून घ्या. कापडाच्या घड्या विरतात, आणि अक्षरे नेमकी घडीवरची जातात.