तीन प्रती, दोन प्रकार, एक मामा

गेल्या शनिवारी घरातले सगळे फोटो आणि व्हिडिओ एका जागी आणायला बसलो. आईचा फोन, बाबांचा फोन, ताईच्या लग्नाचा पेनड्राइव्ह, माझा कॉलेजातला लॅपटॉप आणि दोन जुन्या हार्ड डिस्क. त्यातली एक डिस्क लावल्यावर टक्-टक् असा आवाज आला आणि मग काहीच नाही. तिच्यात कॉलेजची चार वर्षं होती, त्याचं एवढं नाही. पण आजीचा शेवटचा गणपतीही होता. आजी आरती म्हणतेय, मध्येच ताल चुकलेल्या माझ्याकडे डोळे वटारून बघतेय, असा व्हिडिओ.

आई म्हणाली, "पुरात गेले तसे हेही गेले म्हणायचे."

पूर म्हणजे २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. कळंबोलीचं नाव त्यात फारसं येत नाही. पण खाडीजवळच्या या सखल वसाहतीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा. आम्ही तेव्हा सिडकोच्या केएल टाईप घरात तळमजल्यावर राहायचो, मी दुसरीत होतो. पाणी ओसरल्यावर आईने पहिल्यांदा लग्नाचा अल्बम उघडला. पानं एकमेकांना चिकटली होती, सोडवायला गेलं की चेहराच निघून यायचा. लग्नाची व्हीएचएस कॅसेट चिखलाने भरली होती. आज आमच्याकडे त्या लग्नाचे अकरा फोटो आहेत. ते सगळे कराडच्या मामाकडून आले, कारण लग्नानंतर बाबांनी त्याला एक जादा संच पाठवला होता.

तर मंडळी, हा प्रश्न आपल्या घरापुरता नाही आणि डिजिटल तर मुळीच नाही. महाराष्ट्राने तो शंभर वर्षांपूर्वीच पाहिलाय.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. चार रिळांचा चित्रपट. आज त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं शिल्लक आहे, आणि तेही १९१३ चं की नाही यावर अभ्यासकांचा वाद आहे! कारण फाळक्यांनी हीच कथा १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केली. उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रपटाची असावीत असं बरेच जण मानतात. आमच्या ऑफिसात 'फायनल' आणि 'फायनल_नवीन' नावाच्या दोन फायली सापडल्या की जे होतं, तेच हे. नुसती प्रत ठेवून भागत नाही, ती कधीची आणि कशाची हेही लिहून ठेवावं लागतं.

बाकीच्यांची अवस्था याहून वाईट. भारतात तेराशेहून जास्त मूकपट निघाले, त्यातले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून जेमतेम तीसेक हाती आहेत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' आज पाहता येत नाही. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, त्याचीही प्रत मिळत नाही.

असं का झालं? एक कारण रसायनाचं. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. ती पेटली की जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते. पेटली नाही तरी उष्ण आणि दमट हवेत हळूहळू चिकट होऊन तिचा भुगा होतो. दुसरं कारण व्यवहाराचं. फिल्मवर चांदी असते. चित्रपट थिएटरातून उतरला की त्याची किंमत शून्य, पण चांदीची किंमत राहते. कित्येक रिळं चांदी काढणाऱ्यांना विकली गेली. जागा अडते म्हणून आपण जुने व्हिडिओ डिलीट करतो, तसंच.

हे थांबवण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर तिथे १९६५ च्या सुमारास आले आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत रिळं शोधत देशभर फिरले. फाळक्यांचं जे काही आज दिसतं, ते बरंचसं त्यांच्यामुळे. फाळक्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, बाळकृष्णाचं काम केलेला १९१९ चा 'कालिया मर्दन' आपण बघू शकतो, तो त्यामुळेच.

पण एका इमारतीत जमा केलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या गोदामाला आग लागली. शेकडो चित्रपटांची मूळ रिळं काही वेळात गेली. 'आलम आरा'ची शेवटची प्रत त्यातच जळाली असं अजूनही छापून येतं. ते खरं नाही, नायरांनीच सांगितलं होतं की ती प्रत संग्रहालयाला कधी मिळालीच नव्हती. 'संत तुकाराम' (१९३६) मात्र आजही पाहता येतो, कारण त्याच्या वेगळ्या प्रती होत्या. म्हणजे जीव वाचवला तो तिजोरीने नाही, दुसऱ्या प्रतीने.

आणि दूरची प्रत काय करते बघा. कलकत्त्यात १९१९ मध्ये बनलेला 'बिल्वमंगल' भारतात कुठेच नव्हता. त्याचा काही भाग पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेजमध्ये निघाला. २०१६ मध्ये आपण त्यांना 'जमाई बाबू'ची डिजिटल प्रत दिली आणि 'बिल्वमंगल' घरी आणला.

आमच्या क्षेत्रात यासाठी '३-२-१' हा नियम आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. गंमत म्हणजे हा नियम सर्व्हरवाल्यांनी नाही, पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ च्या आपल्या पुस्तकात मांडून लोकप्रिय केला. तेच आपल्या पुराचं वर्ष. दोन गोष्टी माझ्याकडून जोडतो. फोन आणि क्लाउड 'सिंक' असणं म्हणजे बॅकअप नव्हे, कारण इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं. आणि माध्यमापेक्षा आधी यंत्र मरतं. व्हीएचएस प्लेअर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. आमची कॅसेट पुरातून वाचली असती तरी आज लावायची कशात, हा प्रश्नच होता.

तर आता आमच्या घरी एक डिस्क कपाटात वरच्या फळीवर आहे (तळमजल्याची सवय!), एक प्रत क्लाउडवर आहे आणि एक डिस्क दिवाळीत कराडला जाणार आहे. प्रत्येक फायलीचा चेकसम काढून यादी ठेवली आहे. वर्षातून एकदा तो पुन्हा काढायचा, जुळला नाही तर फाईल सडली असं समजायचं आणि दुसरी प्रत आणायची. फोल्डरच्या नावात साल आणि प्रसंग लिहिलाय, फाळक्यांच्या रिळांसारखं व्हायला नको.

आजीच्या व्हिडिओचं राहिलंच. रविवारी मामाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तूच तर पाठवला होतास व्हॉट्सॲपवर. थांब." दहा मिनिटांत आला. चित्र धुरकट, आवाज जरा फाटलेला, मूळ व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. पण आजी डोळे वटारते ते नीट दिसतं.

आईने तो तीनदा बघितला. चौथ्या वेळी मी त्याचा चेकसम काढला.