परराष्ट्रव्यवहारविषयक संसदीय प्रश्न
परराष्ट्रनीती, तह, वाटाघाटी व तदनुषंगिक व्यापारी संबंध यांविषयी भारतीय संसदेच्या सभासदांनी परराष्ट्रमंत्र्यास विचारलेले प्रश्न व त्यांची अधिकृत उत्तरे. सरकारास प्रश्न विचारण्याचा मर्यादित हक्क 1892 च्या कायद्याने विधिमंडळाच्या सभासदांस मिळाला आणि 1909 च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास पूरक प्रश्नाची मुभा दिली. तारांकित प्रश्नास मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. आयात-निर्यात व जकात यांविषयीचे प्रश्न सामान्यतः वाणिज्य मंत्रालयाकडे जातात; मात्र राजनैतिक वाटाघाटींशी निगडित असा व्यापारविषयक प्रश्न परराष्ट्रमंत्र्यासमोरही येऊ शकतो. मित्रराष्ट्राविषयी असभ्य उल्लेख करणारा प्रश्न लोकसभेच्या नियमांनुसार ग्राह्य होत नाही. आणि वाटाघाटी चालू असताना सर्व तपशील उघड केल्यास राष्ट्रहितास बाध येईल, या सबबीवर मंत्रीही पुष्कळदा मोजकेच बोलतो.

पंतप्रधानपदाबरोबरच 1947 ते 1964 पर्यंत परराष्ट्र खातेही सांभाळणाऱ्या जवाहरलाल नेहरूंना चीनच्या सीमेवरील घडामोडींबाबत, विशेषतः अक्साई चीनमधील रस्त्याबाबत, संसदेने सतत छेडले. याच वातावरणात सप्टेंबर 1959 मध्ये उभय सरकारांमधील पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका संसदेपुढे आली. महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण 1974 ते 1977 या काळात परराष्ट्रमंत्री होते. त्या कालखंडात, आणीबाणी पुकारल्यानंतर भरलेल्या 1975 च्या अधिवेशनात, प्रश्नोत्तराचा तास स्थगित ठेवण्यात आला होता.