जाधव, प्रवीण रमेश

(६ जुलै १९९६). भारतीय रिकर्व्ह तिरंदाज. जन्म सातारा जिल्ह्यात, फलटण तालुक्यातील सरडे गावी. आईवडील मोलमजुरी करणारे. टोकिओ (२०२०) आणि पॅरिस (२०२४) या दोन ऑलिंपिक स्पर्धांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

मुळात प्रवीण हे पळणारे. मुलगा मजुरीला लागू नये म्हणून जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी त्यांना ८०० मीटर शर्यतीत उतरवले. अंगात ताकद नव्हती, सराव झेपेना. तेव्हा भुजबळ गुरुजींनी त्यांच्या खाण्यापिण्याचीही काळजी वाहिली. धावण्याच्या जोरावर त्यांची अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली. राहणे, जेवण, शाळा आणि सराव एकाच ठिकाणी देणारी राज्य शासनाची ही निवासी योजना नसती, तर पुढचे काहीच घडले नसते. तिथल्या चाचणीत दहा मीटरवरून टाकलेले दहाही चेंडू त्यांनी कड्यात बसवले आणि त्यांची वाट तिरंदाजीकडे वळली. पुढचे शिक्षण अमरावतीच्या प्रबोधिनीत झाले.

आधुनिक रिकर्व्ह धनुष्याची दोरी ओढताना मोठ्या खेळाडूच्या बोटांवर सुमारे २० किलोचा भार येतो आणि मानांकन फेरीत असे ७२ बाण सोडावे लागतात. लक्ष्य ७० मीटरवर, १२२ सेंटिमीटर व्यासाचे. त्यातले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १२.२ सेंटिमीटर. लहानपणी पोटभर न मिळालेल्या मुलाच्या खांद्यांना हे धनुष्य पेलेना. प्रबोधिनीतून नाव कमी होण्याची वेळ आली, तेव्हा भुजबळांनीच रदबदली करून आणखी एक संधी मिळवून दिली. या कारकिर्दीतला निर्णायक क्षण हाच मानावा लागेल. पुढची पदके त्यानंतरची.

२०१६ साली बँकॉकच्या आशिया चषकात सांघिक कांस्यपदक मिळाले. २०१७ मध्ये प्रवीण खेळाडू म्हणून भूदलात दाखल झाले आणि पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये सराव करू लागले. ग्रामीण महाराष्ट्रातील खेळाडूंसाठी फौज हा जुना, भरवशाचा आधार आहे. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातील मांडव्याचे स्टीपलचेस धावपटू अविनाश साबळे हेही फौजेतूनच ऑलिंपिकपर्यंत गेले.

जून २०१९ मध्ये नेदरलँड्समधील डेन बॉश येथे जागतिक स्पर्धा झाली. तरुणदीप राय, अतनू दास आणि जाधव यांच्या संघाने कॅनडाला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथेच टोकिओची सांघिक पात्रता पक्की झाली. उपांत्य फेरीत यजमान संघाला शूट-ऑफमध्ये नमवून भारतीय पुरुष २००५ नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोचले. चीनकडून २–६ अशी हार झाली; रौप्यपदक हाती आले.

कोरोनामुळे टोकिओची स्पर्धा जुलै २०२१ मध्ये भरली. मानांकन फेरीत जाधव यांनी ७२० पैकी ६५६ गुण मिळवून ३१ वा क्रमांक पटकावला. भारतीय पुरुषांत ते सर्वांत पुढे होते, त्यामुळे मिश्र दुहेरीत दीपिका कुमारीबरोबर अतनू दासऐवजी त्यांना खेळवण्यात आले. दीपिका-अतनू या जोडीने महिन्याभरापूर्वीच विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले होते, म्हणून या निवडीवर बरीच चर्चा झाली. पण त्या दिवशीच्या गुणांवर जागा मिळाली, यात अन्याय दिसत नाही. या जोडीने चिनी तैपेईला ५–३ असे हरवले आणि मग कोरियापुढे २–६ अशी हार पत्करली. वैयक्तिक स्पर्धेत जाधव यांनी जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानावरील रशियाच्या गाल्सान बाझार्झापोवला ६–० असे सहज नमवले. वयाच्या पंचविशीत, पहिल्याच ऑलिंपिकमध्ये मिळालेला हा विजय त्यांच्या खेळाची खरी उंची दाखवतो. पुढच्याच फेरीत जागतिक क्रमवारीत अव्वल असलेल्या अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनने त्यांना तसेच ०–६ असे हरवले.

एप्रिल २०२४ मध्ये शांघायच्या विश्वचषकात जाधव, धीरज बोम्मदेवरा आणि तरुणदीप राय यांनी अंतिम लढतीत कोरियाला ५–१ असे पराभूत केले. टोकिओत याच कोरियाने भारतीय पुरुष संघाला एकही गुण मिळू दिला नव्हता. त्याच वर्षी पॅरिसमध्ये हे त्रिकूट उपांत्यपूर्व फेरीत तुर्कस्तानकडून २–६ असे हरले, तर वैयक्तिक स्पर्धेत जाधव यांची वाटचाल पहिल्याच फेरीत चीनच्या काओ वेनचाओपुढे थांबली.