फॅटी लिव्हरमधील आरएनए-फेरबदल

यकृताच्या ५ टक्क्यांहून अधिक पेशींत मेदाचे थेंब साचले की त्या अवस्थेला फॅटी लिव्हर म्हणतात. मधुमेह, लठ्ठपणा यांसारख्या चयापचयाच्या बिघाडातून उद्भवणाऱ्या प्रकाराला २०२३ पासून ‘एमएएसएलडी’ हे नाव मिळाले. पेशीने मेद किती बनवायचा, किती जाळायचा, हे ज्या प्रथिनांवर अवलंबून असते त्यांचा निरोप संदेशवाहक आरएनए घेऊन येतो. या आरएनएवर रासायनिक खुणा उमटतात. निरोपाचा मजकूर तोच राहतो. तो किती काळ टिकणार आणि त्यावरून प्रथिन किती बनणार, हे मात्र बदलते.

अशा खुणांचे १७० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. यकृताच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यास झाला तो ‘एम-६-ए’चा, म्हणजे अ‍ॅडेनोसीनला सहाव्या स्थानी जोडलेल्या मिथिल गटाचा. ही खूण १९७४ मध्ये सापडली. ‘मेटल-३’ हे एन्झाइम इतर प्रथिनांच्या साथीने ती उमटवते, ‘एफटीओ’ आणि ‘एएलकेबीएच-५’ ती पुसतात. तिसरा गट वाचकांचा: ‘वायटीएचडीएफ-२’ खूण ओळखून आरएनएची विल्हेवाट लावतो, तर ‘आयजीएफ-२-बीपी’ कुळातील प्रथिने तिलाच धरून आरएनए टिकवतात. म्हणजे खूण एकच, पण परिणाम वाचणाऱ्यावर अवलंबून.

निष्कर्ष परस्परविरोधी दिसतात, त्याचे एक कारण बहुधा हेच. स्निग्ध आहारावरील उंदरांच्या यकृतपेशींतून ‘मेटल-३’ काढल्यावर काही प्रयोगांत मेद घटला आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. इतर प्रयोगांत ते काढल्यानेच यकृतात मेद साचून इजा झाली. प्राण्याचे वय आणि एन्झाइम कधी काढले, यानेही फरक पडतो. ‘वायटीएचडीसी-२’ या आणखी एका वाचक प्रथिनाचे चित्र त्यामानाने स्पष्ट आहे. ते मेदनिर्मितीच्या ‘एफएएसएन’सारख्या जनुकांचे आरएनए अल्पायुषी करते, आणि लठ्ठ उंदरांच्या तसेच फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या यकृतात त्याचे प्रमाण घटलेले आढळले आहे.

‘एफटीओ’ला ‘लठ्ठपणाचे जनुक’ म्हणण्याची घाई मात्र नडली. २००७ मध्ये लठ्ठपणाशी जोडले गेलेले त्यातील जनुकीय भेद पुढे मुख्यत्वे दूरच्या ‘आयआरएक्स-३’ आणि ‘आयआरएक्स-५’ या जनुकांमार्फत काम करतात असे दिसले. यकृतपेशींत ‘एफटीओ’ वाढवल्यास मेद वाढतो, हे प्रयोगशाळेतील निरीक्षण त्याहून वेगळे. दोन्ही एकत्र सांगण्याची चूक लोकप्रिय लेखनात वारंवार होते.

‘मेटल-३’ रोखणारी रसायने तयार झाली असली तरी त्यांची माणसांवरील चाचणी कर्करोगापासून सुरू झाली. फॅटी लिव्हरसाठी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले पहिले औषध, रेस्मेटिरोम, थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहीवर काम करते. आरएनएवरील खुणांना ते थेट लक्ष्य करत नाही.