मियामोटो मागे उभा आहे

रुमाल जवळ ठेवा. १९८५चा उन्हाळा आहे आणि क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी कोंडलेलं. वारा आत शिरायचं नाव घेत नाही. झाडांवरचे किडे भर दुपारी असे किरकिरतायत की शेजारच्याशीही आवाज चढवून बोलावं लागतंय. शर्ट पाठीला चिकटलाय. तसेच या, हिगाशियामा भागात, निन्टेंडोच्या इमारतीत. फुलांची चित्रं असलेले पत्ते विकून सुरू झालेली ही कंपनी.

आत वेगळीच ऊब. स्क्रीन तापलेत, गरम धुळीचा वास नाकात बसतो, त्यात सिगारेटचा धूर. टेबलावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळासाठी लांबलचक चौकटींचा कागद. त्यावर वाकून डाव्या हाताने विटा, नळ, खड्डे काढणारा तिशीतला माणूस म्हणजे शिगेरू मियामोटो. चुकलं की वर ट्रेसिंग पेपर ठेवून बदल आखायचा. मग कागद प्रोग्रामरकडे जातो आणि तिथे त्या चित्राचे आकडे होतात. सहकारी ताकाशी तेझुका जोडीला आहेच. दोघांचं ‘झेल्डा’ या दुसऱ्या खेळाचं कामही याच दिवसांत चाललंय, झोपतात कधी, देव जाणे.

बसा. कंट्रोलरची वायर आखूड आहे, पुढे सरका. टोपीवाल्या मिशाळ गड्याला, म्हणजे मारिओला, हसू नका. ‘डॉन्की काँग’ या आधीच्या खेळाच्या वेळी त्याला काढायला ठिपकेच इतके कमी होते की मिशी लावली तेव्हा कुठे नाक कळलं, आणि टोपी घातल्यामुळे केस काढायचं वाचलं.

लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारून हा खेळ खेळला असाल, तर तो आज विसरा. तुम्हाला काहीच ठाऊक नाही.

संगीतकार कोजी कोंडोची धून सुरू होते. डावीकडे वाट नाही, म्हणून उजवीकडे निघता. समोरून रागीट भुवयांचं काहीतरी चालत येतं. धडक. मेलात. मागे कुणीतरी खुदकन हसतं. पुन्हा. या वेळी घाबरून उडी मारता आणि नेमके त्याच्या डोक्यावर पडता. चपटा! प्रश्नचिन्हाच्या विटेला खालून धडकता, तर मशरूम निघतं. आणखी एक शत्रू? ते घरंगळत जातं, नळाला आपटतं आणि उलटं तुमच्यावरच येतं. उडी मारता, वरच्या विटांना आपटता आणि थेट त्याच्यावर उतरता. मेलो म्हणेपर्यंत मोठे झालेले असता! तळवे घामाने ओले.

यातलं काहीही आपसूक झालेलं नाही. पहिलाच शत्रू म्हणून कासव फार अवघड जात होतं, म्हणून तो सोपा भुवयावाला अगदी शेवटी घातला गेला. नळ तिथेच का, विटा तेवढ्याच उंचीवर का, सगळं कागदावर ठरलेलं. ही पहिली पातळी एकही शब्द न बोलता पूर्ण खेळ शिकवते. माझ्या मते तरी याहून हुशार मास्तर कुठल्याच खेळात नाही.

पुढे खड्डा आहे. मागे वळून विचारू नका. मियामोटो बघतोय, पण सांगणार नाही.