मोडीत गेलेला अडकित्ता

स्मरणिकेसाठी पुण्याच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं. शनिवारवाडा आणि सिंहगड आपण सगळ्यांनी पाहिलेत. म्हणून मी सुरुवात एका अडकित्त्यापासून करतो.

पंचवीस वर्षांपूर्वी पेठेतला वाडा सोडून आम्ही इथे राहायला आलो. माळ्यावरचं सामान खाली काढलं. फ्लॅटमध्ये ते मावणार कुठे? आजीचा पितळी अडकित्ता, पाय घासायची वज्री, तांब्याचा बंब, सगळं मोडीत घातलं. आलेल्या पैशांत मिक्सर घेतला. आईने अडकित्ता एकदा हातात घेऊन पाहिला आणि मुकाट्याने परत पिशवीत ठेवला.

पुढे मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाणं झालं. जन्म पुण्यात गेला, पण तिथे मी पहिल्यांदाच पाऊल ठेवत होतो. आत पाहतो तर काचेमागे अडकित्तेच अडकित्ते! शेजारी वज्र्या, दिवे, दौती, फण्या, गंजिफा. मुलीने विचारलं, “बाबा, आपल्याकडे होतं का असं काही?” मी म्हटलं, “होतं.” कुठे गेलं, ते सांगायचा धीर झाला नाही.

हा संग्रह एका माणसाने जमवलेला आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. गावोगाव, वाड्यावाड्यांतून ते हिंडले. पत्नी कमलाबाईंची त्यांना मोलाची साथ होती. या जोडप्याचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला जे ‘राजा’ नाव आहे, ते कोणा संस्थानिकाचं नाही, त्या मुलाचं आहे. हे कळल्यावर दारावरची पाटी मला वेगळी दिसू लागली.

पुढे केळकरांनी हा सगळा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज संग्रहात २०,००० च्या वर वस्तू आहेत. जागेअभावी त्यातल्या २,५०० च्या आसपासच मांडलेल्या दिसतात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महालही इथे उभा केलाय. पण मला जास्त थांबवलं ते स्वयंपाकघरातल्या आणि देवघरातल्या वस्तूंनी. तलवारी राजेरजवाड्यांचा इतिहास सांगतात. आपल्या आज्या-पणज्यांचा इतिहास मात्र अडकित्त्यात आणि वज्रीत आहे. सुपारी कातरायच्या साध्या हत्याराला कारागिराने घोड्याचा नाहीतर राघूचा आकार का द्यावा? रोज हाताळायची वस्तूही देखणी असावी, एवढ्याचसाठी. केळकरांनी ते ओळखलं. मी ओळखलं नाही.

पाहुणे आले की आपण त्यांना मॉल दाखवतो. त्याऐवजी एक रविवार इथे घालवा. दोन-तीन तास सहज जातात. दुसऱ्या रविवारी आगाखान पॅलेसला जा. १९४२ ते १९४४ गांधीजी तिथे स्थानबद्ध होते. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्या तिथेच आहेत. गंज पेठेतला महात्मा फुले वाडाही मुलांना दाखवा.

जाता जाता एक सूचना. आपल्या पहिल्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, प्लॉट मोकळा होता तेव्हाचे फोटो, पहिल्या गणपतीची वर्गणी-वही, हे सगळं आज कोणाकोणाच्या माळ्यावर पडून आहे. येत्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नका. ऑफिसात एक कपाट त्यासाठी ठेवूया. कपाटाचा खर्च मी देतो. आमच्या मिक्सरची भरपाई समजा!

– बी विंगमधील एक सभासद