ढील

लोहगडवाडीला वारा मुबलक. समुद्र तेवढा नाही. नाहीतर पतंगाला लोंबकळत लाटांवरून धावणारे ‘काइटसर्फर’ इथंच मुक्कामाला आले असते! त्यांच्या हवा भरायच्या पतंगाचं पेटंट १९८४ साली दोघा फ्रेंच भावांनी घेतलं आणि २०२४ साली हा खेळ ऑलिंपिकला पोचला. मर्म एवढंच: हातातली दांडी दूर सारली की पतंगाचा जोर ओसरतो, जवळ ओढली की वाढतो. म्हणजे आपली ढील आणि खेच!

मावळाला हे नवं नाही. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी लोहगडासह २३ किल्ले सोडले. बघणाऱ्याला वाटावं, पतंग कटला! १६७० साली लोहगड परत स्वराज्यात. ढील देणं आणि दोर सोडणं यांतला फरक कळायला कधीकधी पाच वर्षं लागतात, एवढंच.